कोनच्या हळदीसाठी केलेली बेल

१७ फेब्रुवारी २०२५ रोजी शकील तुंगेकर यांनी पनवेलच्या बाजारातून १,२८५ रुपयांचा पितळी पत्रा घेतला. वय सदुसष्ट. बँडवाल्यांची वाद्ये दुरुस्त करता करता चाळीस वर्षे गेली होती, आणि आता हातोडी उचलली की खांदा दुखे. हे काम घ्यायचे त्यांच्या मनात नव्हते. पण कोन गावचा ट्रम्पेटवाला भगवान समोर येऊन बसला होता आणि उठत नव्हता.

भगवानच्या ट्रम्पेटचे फुललेले तोंड, म्हणजे बेल, टेम्पोच्या दारात सापडून चेपली होती. त्याने ती गाड्या रंगवणाऱ्याकडे नेली. त्या माणसाने गाडीच्या दरवाजाला भरावी तशी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वरून सोनेरी रंग मारला.

"चमकतंय तर झकास," शकीलभाई म्हणाले. "फुंकून बघितलंस?"

"गोधडीत तोंड घालून वाजवल्यावानी येतं. व्हिडिओत बरं दिसंल म्हणून केलं, शकीलभाय."

"मग व्हिडिओच वाजव."

"मस्करी नको. परवा गावात हळद हाय. नवऱ्याचा बाप बोललाय, आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला नाय, तर भावकीची सगली लग्नं डीजेला देनार."

लांबीखाली पितळ थरथरत नाही, आणि पितळ थरथरले नाही की सूर तिथेच बसतो. जुनी बेल खरवडून उपयोग नव्हता. शकीलभाईंनी नवी करायला घेतली. पत्रा कापला, गुंडाळला, वितळलेल्या धातूचा डाक देऊन सांधा जोडला आणि लोखंडी साच्यावर ठोकत फुलवत नेला. ठोकून पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करायचे. शेवटची ठोकणी मात्र तशीच राहू द्यायची. आवाजाची धार त्या कडकपणातून येते. पत्रा जाड राहिला तर सूर जड, पातळ झाला तर तेज. काठात तार घालून तो वळवला की काम संपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भगवानने ट्रम्पेट फुंकले. समोरच्या गिरणीवाल्याने डोके बाहेर काढून पाहिले.

"एक नंबर!" भगवान म्हणाला. "आणतो पिशवी."

"थांब. अजून दबलेलं आहे."

"कुठं दबलंय? माझं कान फाटलं!"

"चाळीस वर्षं मी ऐकतोय की तू? उद्या सकाळी घेऊन जा."

भगवान गेल्यावर त्यांनी बेल पुन्हा साच्यावर चढवली. थोडे ठोकायचे, नखाने टिचकी मारायची, ऐकायचे. झणकार येईना. पुन्हा ठोकायचे. तापवले तर धार जाईल म्हणून तापवले नाही. चहा घेऊन आलेल्या मुबीनाने, त्यांच्या बायकोने, कपाळाला हात लावला.

"या अल्लाह, किती वाजवताय! माझ्या कानात मुंग्या आल्या."

"वाजतच नाही ती, मुबीना."

"वाजत नाही? अहो, मघाशी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. तुम्ही म्हणालात, अजून झाली नाही. आठ दिवस शिट्टीचं हेच चाललंय."

शकीलभाई तिच्याकडे बघत राहिले. हात मात्र सवयीने खाली आला होता. सांध्यालगत बारीक चीर उमटली आणि बघता बघता काठापर्यंत गेली. त्यांना ती दिसली. तिचा आवाज आला नाही. चिरेवर डाक दिला असता तर बेल दिसायला धड झाली असती, पण वाजली लांबी भरलेल्या बेलसारखीच असती.

त्यांनी भगवानला फोन लावला. "बेल फुटली. चूक माझी. दुपारी तू ऐकलंस तेच बरोबर होतं."



"मग आता?"

"बेलपाड्याच्या बँडवाल्याकडून ट्रम्पेट भाड्याने आण. भाडं मी देतो."

हळद त्या ट्रम्पेटवर झाली. आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला, असे भगवानने सांगितले, तेही दोनदा, मोठ्याने. शकीलभाई आता अडकलेली बटणे आणि वाकलेल्या नळ्या दुरुस्त करतात. बेल घेत नाहीत.

भाडे नऊशे रुपये झाले. साडेसहाशे त्यांनी दिले. उरलेले अडीचशे भगवानने भरले; ते त्याला द्यायचे राहिले आहेत.