सरासरीत न मावणारी सकाळ

लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत बसण्याचा मला अधिकार नाही, याची जाणीव आहे. गणित शिकले, पुष्कळ वर्षे शाळेत ते शिकवले, आणि पन्नाशी ओलांडल्यावर डेटाबेस सांभाळण्याचे काम शिकले. चारचौघांत बोलायची वेळ आली की अजूनही मी मागच्या रांगेत सरकते. तरी एका अहवालातले एक वाक्य गेले वर्षभर मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे धाडस. वाचकांनी क्षमा करावी.

मी ज्या संस्थेत काम करते, ती ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवते. आईबाप कारखान्याकडे गेले तरी मूल मागे राहावे, त्याची शाळा सुटू नये, एवढाच हेतू. नोंदणी मोबाईलवरून होते. मुलाचे नाव भरायचे आणि आईबापांसोबत फोटो काढून पाठवायचा. नोंद पक्की झाली की हिरवी खूण उमटते. खुणेविना मूल ठेवून घेतल्याबद्दल पूर्वी वसतिगृहाच्या एका अधीक्षकांना जाब द्यावा लागला होता, तेव्हापासून खुणेशिवाय कोणी मूल आत घेत नाही.

या नोंदी एका भाड्याच्या डेटाबेसात जातात. यंत्र दुसऱ्याचे, देखभाल दुसऱ्याची, आपण फक्त आकार निवडायचा. आमच्या मुख्य कार्यालयाने सर्वांत लहान आकार निवडला. त्यात एका वेळी ठरावीक जोडण्याच उघडता येतात, त्या भरल्या की पुढच्याला प्रवेश नाही. साठवणुकीच्या वेगालाही मर्यादा असते, आणि ती गावच्या पाण्याच्या टाकीसारखी चालते. बारीक नळीने टाकी रात्रभर भरत राहते, सकाळी सगळ्यांना भरपूर पाणी मिळते, आणि टाकी रिकामी झाली की त्या नळीतून येईल तेवढीच धार उरते. फोटो लिहून ठेवताना ही टाकी भराभर उपसली जाते. मग प्रत्येक नोंद रेंगाळते, रेंगाळलेली नोंद आपली जोडणी सोडत नाही, आणि बाहेर खोळंबलेल्यांची गर्दी वाढत जाते.

हे मला आधीच दिसत होते. हंगामापूर्वी मी पुण्याच्या मुख्य कार्यालयातल्या वरिष्ठांना विनंती केली की निघण्याच्या दिवसांपुरता मोठा आकार घ्यावा आणि फोटो वेगळ्या जागी ठेवावेत.

"मॅडम, वर्षभराची सरासरी बघा," ते म्हणाले. "यंत्र झोपलेलं असतं तुमचं."

"सर, आमच्याकडे लोक सरासरीने निघत नाहीत." हे वाक्य मी घरी दोनदा म्हणून पाहिले होते.

ते हसले. "मग त्यांना टप्प्याटप्प्याने यायला सांगा."

टप्प्याटप्प्याने कसे यावे? मुकादम आदल्या संध्याकाळी निरोप धाडतो आणि सकाळी अख्खी टोळी निघते. पोटचे मूल मागे ठेवायचे ते ट्रक समोर उभा राहिल्यावर, भांडीकुंडी चढवून झाल्यावर, अगदी शेवटी. त्याआधी नाव घालणे म्हणजे ताटातूट आधीच मान्य करणे. ते कोणतीही आई करत नाही. ही रीत कार्यालयाला ठाऊक नसेल, तर ती विचारायला कोणी मनाई केली होती?

त्या सकाळी मी तेलगावच्या शाळेत मदतीला होते. शाळेसमोर ट्रक उभा होता, आणि त्याच वेळी जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत असेच ट्रक उभे असणार. चौथीतली एक मुलगी वसतिगृहासाठी घेतलेली नवी बादली धरून आईजवळ उभी होती. शाळेच्या गुरुजींनी तिचा आईबापांसोबतचा फोटो काढून पाठवला आणि पडद्यावर चाक फिरू लागले.

"कावून फिरतंय ते?" आईने विचारले.

"गर्दी आहे, बाई. होईल."

रेशनच्या यंत्रावर अंगठा उठला नाही की पुन्हा पुन्हा ठेवायची आमच्याकडे सवय आहे. गुरुजींनी तेच केले. बटण परत परत दाबले, मग चौघांचे मोबाईल मागवून चौघांवर तीच नोंद लावली. "एक तरी लागंल," ते म्हणाले. मी अडवेपर्यंत आधीच अपुऱ्या जोडण्यांतल्या आणखी काही आम्हीच अडवल्या होत्या. पण ज्याला दुसरा उपाय दिलेलाच नाही, त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

"ओ ताई, तुमचं मशीन उपाशी हाय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "चहा पाजा त्याला. आमाला लई लांब जायचंय."

मुलीचा बाप ट्रकवरून म्हणाला, "न्हाई होत तर चढीव तिला."

मी आईला म्हणाले, "ठेवून जा. नोंद होईल, मी थांबते."

"तुमी चांगल्या हाव, म्याडम. पर खूण न्हाई आली, तर पोरगी कुनाच्या भरवशावर ठिवू?" तिने बादली वर दिली. "घ्या, तिकडंबी लागतीच." मग मुलीला वर चढवले.

धूळ खाली बसते न बसते तोच गुरुजींच्या मोबाईलवर हिरवी खूण उमटली. त्यांनी लगेच बापाला फोन लावला, तो मुकादमाने घेतला. "एका पोरीसाठी सगळी टोळी मागं फिरवू का, गुरुजी?" त्या हंगामात ती मुलगी उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहिली आणि धाकट्या भावाला सांभाळत बसली.

कार्यालयाच्या अहवालात पुढे हे वाक्य आले: "वापरकर्त्यांनी एकाच वेळी गर्दी केल्यामुळे किरकोळ व्यत्यय आला, मात्र सर्व नोंदी अखेर यशस्वी झाल्या." त्या यशस्वी नोंदींत तिचीही होती. कागदोपत्री ती वसतिगृहात जेवत होती, झोपत होती. मी लेखी हरकत घेतली. उत्तरादाखल मला वर्षभराच्या सरासरीचा आलेख आला, जवळजवळ सपाट. त्या आलेखात ती सकाळ कुठे शोधूनही सापडत नाही. गरिबांच्या निकडीला गर्दी म्हणायचे, आपल्या अपुऱ्या तयारीला व्यत्यय म्हणायचे, आणि वर त्याला किरकोळ हे विशेषण लावायचे, याची मला चीड येते. ही चीड मोठ्या आवाजात सांगता येत नाही, एवढाच माझा दोष असेल तर तो मला मान्य आहे.

यंदाही तोच आकार कायम आहे. परवा ती आई बाजारात भेटली. लेक शेजारीच उभी होती, गेल्या वर्षीपेक्षा उंच झालेली. "म्याडम, औंदा खूण येळंवर येईल ना?" तिने विचारले. "तुमी हो म्हनलात तर म्या आताच पोरीला सांगते, की तू हितंच राह्यची."

उत्तर हंगामाआधी देते म्हणून मी निघून आले. मी तिला काय सांगू?