रोजचं ताजं पाणी

काकूंनी टाकीत बादली बुडवली होती. मी दारातूनच "थांबा!" म्हणाले. एवढ्या मोठ्याने मी कधी बोलत नाही. काकू दचकल्या आणि मीही.

शनिवार पेठेतल्या माशांच्या दुकानात मी कामाला आहे. घरोघरी जाऊन काचेच्या टाक्या लावून देते. विश्रांतवाडीच्या या काकूंची टाकी नवीनच होती. काका खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. अर्धांगवायू झाल्यापासून दिवसभर खुर्चीत. त्यांचा जीव रमावा म्हणून मासे आणले होते. पण गोल्डफिश एकेक करून गेले. एकच उरला होता, तोही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता.

"हा गेला की टाकी देऊन टाकणार," काकू म्हणाल्या. "यांना रोज मेलेला मासा दाखवू का?"

"माझ्या आधी त्यांचे नंबर लागतायत," काका म्हणाले.

"पाणी कधी बदलता?" मी विचारलं.

"रोज, सगळं. आपण तरी शिळं पाणी पितो का? फिल्टरचा स्पंजही नळाखाली चोळून धुते."

माशांची घाण पाण्यात विष तयार करते. ते विष खाणारे बारीक जंतू स्पंजात वाढतात. नव्या टाकीत त्यांना वेळ लागतो. काकू त्यांना रोज धुऊन काढत होत्या. उरलेल्यांना नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारत होतं.

"काकू, स्पंजात चांगले जंतू असतात."

"जंतू कधी चांगले असतात का गं? यांच्या खोलीत नकोत!"

मी बाहेर येऊन मालकांना फोन केला. "दुकानातल्या जुन्या टाकीचा स्पंज यांना देऊ?"

"गिऱ्हाइकाला मळका स्पंज देणारं पुण्यात आपलंच दुकान. ने. आणि तिथे तोंड उघड जरा."

जंतू वाढलेला तो जुना स्पंज त्यांच्या फिल्टरात बसवायला मी घेऊन आले. काकूंनी नाकाला पदर लावला.

"अगं, विरजण आहे ते," काका खुर्चीतून म्हणाले. "शेजारून आणतेस ना, तसं."

काकूंनी पदर खाली घेतला. "मग हिने आधी नाही का सांगायचं? विरजण लागेपर्यंत भांडं हलवत नाहीत, एवढं कळतं मला."

पाणी थोडंच बदलायचं, तेही दिवसभर बादलीत उघडं ठेवलेलं, असं मी सांगितलं. क्लोरीन उडून जातं.

"म्हणजे शिळंच!"

"हो काकू. शिळंच."

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "अगं, तो तळाला गेलाय."

मी विचारलं, "गेला?"

"नाही गं! खडे चिवडतोय. हे जेवण सोडून बघत बसलेत."

आता नवी टाकी लावताना मी जंतूंचं नाव काढत नाही. दह्याबद्दल बोलते.