किसनरावांचा पाण्याचा डबा

वाळ्याचं गवत खोलीच्या खिडकीला लावतात, गाडीच्या इंजिनाला नाही. एवढं एक वाक्य मला वेळेवर कळलं असतं, तर या वयात चष्मा पुसत लिहायला बसावं लागलं नसतं.

माझे मेहुणे किसनराव पिकअपचा पाण्याचा डबा भरायला विसरले आणि इंजिन जाम झालं, ही गोष्ट आमच्या बेला गावात आजही सांगतात. भर लग्नात सांगतात, लोक पोट धरून हसतात. ती मीच पसरवली. ती खोटी आहे.

मी तेव्हा लोखंडी कूलर बनवत असे. पत्रा कापायचा, पंखा बसवायचा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावायच्या, वरून पाणी ठिबकवायचं. आमच्याकडे मे महिन्यात कुत्रीसुद्धा सावली सोडून खांबाकडे जात नाहीत, त्यामुळे धंदा बरा होता. धंदा बरा चालला की माणसाला आपण शास्त्रज्ञ आहोत असं वाटायला लागतं. मलाही वाटायला लागलं!

धाकटी बहीण शांता गावातच दिलेली. तिच्या यजमानांनी, म्हणजे किसनरावांनी, नव्वदच्या आसपास एक जुनी पिकअप घेतली. गावातल्या मळ्यांची भाजी आदिलाबादच्या बाजारात न्यायची, असा बेत. (तेव्हा आम्ही आंध्रात होतो. गाडीवरची पाटी तेलुगूत, गाडीला शिव्या मराठीत.) मळेवाल्यांचा पुढारी गणपतराव. तो म्हणाला, "एक खेप पाहू. माल टायमावर पोचला तं सारा सीझन तुमचा, नाई तं व्यापाऱ्याचा ट्रक हायच." म्हणजे त्या एका खेपेवर किसनरावांचं सगळं होतं.

पिकअपला एकच खोड. माल भरला आणि ऊन चढलं की इंजिन तापायचं. आदिलाबादच्या मिस्त्रीनं सांगितलं, रेडिएटर मोठा बसवा, पंखा जास्त पात्यांचा घ्या. किसनराव तयार होते. मी मधे पडलो.

"जवाईबुवा, अख्ख्या गावाले थंड करणारा माणूस घरात असून तुमी बाहेर काऊन पैसे घालून राह्यले?"

"दादा, खोली येगळी, इंजिन येगळं."

"गरमी तं एकच हाय ना?"

त्यांनी मिस्त्रीला नको म्हणून कळवलं. ते मला मान देत. हा त्यांचा एकमेव दोष.

मी रेडिएटरच्या पुढे वाळ्याची जाडजूड ताटी बांधली. टपावर पत्र्याची टाकी ठेवली, तिच्यातून रबरी नळी बॉनेटवरून खाली आणली आणि नळीला भोकं पाडली. घरासमोर इंजिन चालू करून पाहिलं. ताटी ठिबकतेय, वाळ्याचा वास सुटलाय, गल्लीभर लोक जमलेत! शांतानं गाडीला कुंकू लावलं. एक म्हातारी म्हणाली, "आमच्या घरापेक्षा याच्या इंजिनाचे लाड जास्त." मी हात जोडून सगळ्यांचे आभार मानले. गाडी अजून एक फूटही हललेली नव्हती.

खेपेच्या दिवशी किसनरावांनी पहाटेच उठून नेहमीप्रमाणे विहिरीवरून डबा भरला. रेडिएटरसाठी जादा पाण्याचा तो पत्र्याचा डबा त्यांचा देव होता. तो मागच्या फाळक्याला दोरीनं बांधल्याशिवाय ते चावीला हात लावत नसत. मी स्वतः पाहिला. काठोकाठ होता. हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली.

मागे टमाटे, वांगी आणि सांबार. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, परक्यांनी इडली शोधू नये.) मालावर गणपतराव आणि मी. मी कशाला? तर कूलिंगचा इनचार्ज म्हणून!

अर्ध्या रस्त्यात चहाला थांबलो. टपावरची टाकी केव्हाच रिकामी झाली होती, ताटी वाळून खडखडीत. टपरीवर दोन-चार ट्रक ड्रायव्हर बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "ये गाडी है कि भैंस? मुँह पे घास कायकू बांधे?"

सगळे खदखदा हसले. माझ्या शास्त्राचा असा अपमान! किसनराव आणि गणपतराव आत चहा घेत होते. मी मागे गेलो, डबा सोडला आणि सगळं पाणी टपावरच्या टाकीत ओतलं. ताटी पुन्हा ठिबकायला लागली. मग मी ड्रायव्हरांसमोर उभा राहून व्याख्यान दिलं. डबा परत भरून घ्यायचा, हे मनात होतं. पण व्याख्यान रंगलं, हॉर्न वाजला, आणि मी रिकामा डबा दोरीला बांधून वर चढलो.

पुढे व्हायचं तेच झालं. भिजून फुगलेल्या ताटीतून वारा आत जाईना. किसनराव खिडकीतून ओरडले, "दादा, काटा वर चाल्ला! थांबू काय?"

"हाना तुमी! ताटी भिजून राह्यली ना!"

"पन दादा..."

"शास्त्रावर भरोसा ठेवा, जवाईबुवा!"

शास्त्रानं लगेच वाफ सोडली. बॉनेटमधून असा धूर निघाला की रस्त्याकडेच्या बैलगाडीचे बैल शेतात पळाले. किसनराव उतरले, ताटी उपटून फेकली आणि डब्याकडे धावले. दोरी सोडली. डबा उचलताच त्यांना कळलं. तरी त्यांनी तो उलटा करून पाहिला. मग सरळ करून आत डोकावले.

"सकाळी भरला होता मी," ते म्हणाले. "माह्या हातानं."

गणपतराव म्हणाला, "मंग कोनं पेलं पानी? टमाट्यायनं?"

किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही हो, साक्षीदार म्हणून पाहिलं! आणि मी, कूलिंगचा इनचार्ज, म्हणालो, "इसरले असान, जवाईबुवा. होते कदी कदी."

बस. एवढंच बोललो. त्यानंतर खरं सांगायला मला रोज संधी होती, आणि रोज काहीतरी महत्त्वाचं काम निघालं.

मे महिन्यात आजूबाजूला पाण्याचा थेंब नाही. "माल सडून राह्यला, हाना!" म्हणून गणपतरावानं डोकं खाल्लं. किसनरावांनी तशीच गाडी काढली. थोड्याच अंतरावर इंजिनानं एक घाणेरडा आवाज केला आणि कायमचं मौन धरलं. आम्ही बैलगाडीनं परतलो. सांबाराचा पाला झाला होता, टमाट्यांचं सार. गणपतरावानं गावात निकाल दिला, "जो मानूस पानी इसरते, त्याले माल कसा द्याव?"

पिकअप भंगारात गेली. किसनराव कापसाच्या जिनिंगमध्ये गेटवर रखवालीला लागले. पोरं त्यांना 'रिकामा डबा' म्हणत. त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. कुलूप लावलं की परत येऊन ओढून पाहायचे. बाजाराला निघाले की दारातून हाक मारायचे, "शांते, पिशवी घेतली ना मी?" पिशवी हातातच असायची.

आणि मी? मी लग्नालग्नांतून ही गोष्ट रंगवत गेलो. ताटी, म्हैस, पळालेले बैल, टमाट्यांनी प्यायलेलं पाणी! किसनरावही हसत. सगळ्यांच्या नंतर, जरा कमी.

या उन्हाळ्यात शांताच्या घरी सगळे जेवायला जमले. कुणीतरी म्हणालं, "मामा, डब्याची गोष्ट सांगा." मी उभा राहिलो आणि खरी सांगितली. टपरी, ट्रक ड्रायव्हर, टाकीत ओतलेलं पाणी, सगळं. शेवटी म्हणालो, "डबा भरलेला होता. मी रिकामा केला."

कुणी हसलं नाही. शांता पदरानं डोळे पुसत म्हणाली, "दादा, काऊन सोतावर घेऊन राह्यले? इतके वर्स झाले, आमी कुठं मनात ठेवलं?"

"अवं, खरं सांगून राह्यलो!"

किसनरावांनी माझा हात धरला. "दादा, तुमी लई मोठ्या मनाचे," ते म्हणाले. "पन मीच इसरलो होतो. मले चांगलं आठवते. डबा इहिरीवर ठेवला, तेवढ्यात शांतानं चहाले हाक मारली, अन् मी तसाच उचलून आनला."

तीस वर्षांत त्यांनी ती सकाळ स्वतःच नवीन बनवून घेतली होती. हाक, चहा, सगळं! त्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

मी ओरडलो, "चहाले कोनी हाक मारली नव्हती! मी होतो तिथं! डबा काठोकाठ होता!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शांता सुनेला हळूच म्हणाली, "मामाले ऊन लागलं वाटते. कूलरसमोर बसव त्याईले."

बसवलं. डोक्यावर ओला पंचा ठेवला, हातात कांदा दिला. समोर कूलर घरघरत होता. माझ्याच हातचा, जुना. गरम हवा येत होती.