सही न झालेल्या अर्जांचा खण

कबुली देणार : मी स्वतः, अर्जनवीस, बसण्याची जागा अकोट तहसिलीसमोरील निंबाखाली. जिच्याविषयी : नसरीन बानो, माझ्या टेबलावर टायपिंग करणारी. काळ : कापसाला भाव नव्हता आणि पंचनाम्यांना अंत नव्हता, ती वर्षं. साक्षीदार : शेजारचा चहावाला व त्याची गिऱ्हाइकं, त्यांनी सगळं पाहिलं, कळलं मात्र कोणालाच नाही.

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

आधी माझं कर्तृत्व ऐकून घ्या — ते खोटं नाही. शिक्षण आठवीपर्यंत, तरी संगणकाची जशी मांडणी मी केली तशी अकोट ते अमरावती कोणत्याही अर्जनविसाकडे नव्हती. बाकीचे सगळं एका ढिगात ठेवत; यंत्र बसलं की अर्जही बसले. मी लिनक्स घातलं, शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पानं वाचली आणि डिस्कचे सबव्हॉल्यूम पाडले. मी त्यांना खण म्हणतो. जागा सामाईक, कारभार वेगळा. एका खणात यंत्रणा, म्हणजे संगणक चालवणारं लिनक्स, दुसऱ्यात अर्ज, तिसऱ्यात वकिलांची कामं. प्रत्येक खणाचा वेगळा स्नॅपशॉट — म्हणजे त्या घडीचं जसंच्या तसं रूप. अर्जांच्या खणाची प्रत दर शनिवारी दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क घरी कपाटात. उद्या हे टेबल जळालं तरी अर्ज उभे राहतील, असं मी छाती ठोकून सांगे. आजही सांगतो. यंत्रणा बिघडली तर तेवढाच खण मागच्या रूपावर फिरवायचा. अर्जांना धक्का नाही. अमरावतीहून माणसं ही मांडणी पाहायला येत.

मग चुकलं कुठं? — आमच्या धंद्याच्या सवयीत. सही-अंगठा झाल्याशिवाय अर्ज हा अर्जच नसतो. तो नुसता मजकूर. असा कच्चा मजकूर मी अर्जांच्या खणात शिरू देत नसे. तो डेस्कटॉपवर पडून राही. आणि डेस्कटॉप होता यंत्रणेच्या खणात. मी कुठं निघालो आहे, कळतंय ना?

गारपिटीच्या यादीतून नावं सुटलेल्यांचे हरकतअर्ज नसरीननं दिवसभर बसून टाइप केले होते. दुसरा दिवस मुदतीचा शेवटचा. माणसं सकाळी सह्यांना येणार होती. संध्याकाळी मी यंत्रणा अद्ययावत करायला घेतली — आणि यंत्र सुरूच होईना. घाबरलो? छे. आनंदच झाला — मांडणीची परीक्षा, तीही चार लोकांदेखत! पेनड्राइव्हवरून यंत्र उठवलं, यंत्रणेचा खण त्या सकाळी घेतलेल्या रूपावर नेला. पडदा उजळला. चहावाल्यानं फुकट चहा पाजला.

बिघडलेला खण अजून बाजूला शाबूत होता. तो मी मोडायला घेतला, तेव्हा नसरीन म्हणाली, "काकाजी, राहू द्या ना त्याले दोन दिवस. कावून घाई करून राहिले?"

"मांडणी कोनं केली, पोरी? तू का मी?"

लोक हसले. मी खण मोडला.

सकाळी डेस्कटॉपवर आदल्या दिवसाचं एक अक्षर नव्हतं. खणाबरोबर डेस्कटॉपही टायपिंगच्या आधीच्या रूपावर गेला होता, आणि दिवसभराचा मजकूर होता तो मी मोडलेल्या खणात. शनिवारच्या प्रतीत असणार कुठून? कच्चा मजकूर मी तिकडे कधी जाऊच दिला नव्हता. समोर माणसं सह्यांना उभी. अर्ज कुठं आहेत, त्यांनी विचारलं — आणि मी काय म्हणालो? नसरीननं पुसले, म्हणालो. माझी मांडणी हुकली, हे माझ्या जिभेवर येईना.

"आमचं साल बुडवलं ना वं, बाई!" एक म्हातारा तिच्यावर ओरडला.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी अर्जाचा कागद सरळ करत होतो. मग ती म्हणाली, "काकाजी म्हणून राहिले, तर असन तसंच."

हातानं लिहून जमले तेवढे अर्ज मी दिले; उरलेल्यांची मुदत गेली. पण बोल लागला तिला. तहसिलीच्या आवारात तिचं नाव 'पुसणारी' पडलं, कोणी तिला टायपिंग देईना, आणि ती परतवाड्याला निघून गेली. मी? त्याच आठवड्यात मी डेस्कटॉपला वेगळा खण दिला. बिघडलेला खण लगेच मोडायचा नाही, असा नियमही केला. तो मी शिकवतो तेव्हा माणसं मान डोलावतात, आणि — लपवू कशाला — मला अजून अभिमान वाटतो. नियम कोणाचा, हे मी कधी सांगितलं नाही.

सबब लिहून देतो की, नसरीन बानो हिच्या हातून माझ्या टेबलावर एकही अक्षर पुसलं गेलं नाही. ते मी पुसलं, आणि दोष तिच्या माथी मारला. या मजकुराखाली मी सही केली आहे. एक प्रत आवारातल्या फळ्यावर लावली आहे, एक परतवाड्याला तिच्या घरी पाठवली आहे. अर्जाच्या शेवटी विनंती असते. माझी काही नाही.