तिपाई

सुताराचं आयुष्य लंगड्या खुर्च्या सरळ उभ्या करण्यात गेलेलं. त्यामुळे भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या बाईने पुढचा एक पाय नसलेली कुत्री दाखवली, तेव्हा त्याने आधी उकिडवं बसून ती डगमगते का ते बघितलं. डगमगत नव्हती. "ही आमची तिपाई," म्हणाला आणि घेऊन आला. साठीला आलेल्या माणसाला हे खूळ कुठून सुचलं म्हणाल, तर बायकोपायी.

लेक गेली तेव्हापासून बायकोची अन्नावरची वासनाच उडाली होती. गळ्यापर्यंत पांघरूण ओढून दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडायची. सुतार समजावून थकला, रागावून थकला. "भूक नाही हो," एवढंच उत्तर. सकाळी स्टुलावर ठेवलेली थाळी संध्याकाळी तशीच. घरात काहीतरी हलतं-फिरतं असलं तर हिचं मन लागेल, असं त्याने मनाशी धरलं.

तिपाईने खाटेखाली ठाण मांडलं, आणि थोड्याच दिवसांत थाळी रिकामी व्हायला लागली. पावाचा चुराही उरेना. सुताराचा जीव भांड्यात पडला.

"अजून एक अंडं ठेवत जाऊ?" त्याने भीतभीत विचारलं.

"ठेवा की," म्हणून बायको चक्क हसली. त्या हसण्यावर गडी पुढे कितीतरी दिवस तरंगत होता. कारखान्यातल्या रंगाऱ्याला उगाचच चहा पाजला. माणसाच्या तोंडाकडे निरखून बघायची त्याला सवयच नव्हती, झालेलं काम बघायची होती, आणि रिकामी थाळी म्हणजे त्याच्या लेखी झालेलं काम.

तिपाईला मात्र तो वाटीभरच घालायचा. पुढचा सगळा भार एका पायावर, वजन वाढू देऊ नका, असं निवाऱ्यातल्या बाईने बजावलं होतं. तरी ती फुगत चालली. घर मानवलं म्हणायचं, असं तो हसून म्हणायचा. मग ती घसरायला लागली. सुतारच तो, त्याने दोष फरशीला दिला आणि घरभर गोणपाट अंथरलं. शेवटी एके सकाळी तिला उठताच येईना, तेव्हा उचलून जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं.

"काय चारता हिला, काका?" ती चिडलीच. "पुढच्या उरलेल्या पायाचा सांधा गेलाय. आता ही उभी राहायची नाही."

"वाटीभरच घालतो, ताई."

"वाटीभरावर एवढं अंग धरत नाही. घरात आणखी कोण आहे?"

सुतार तिपाईला उचलून तडक घराकडे निघाला.

घरी येऊन त्याने तिपाईला खाटेजवळ ठेवलं. स्टुलावरची थाळी आज भरलेलीच होती. त्याने पांघरूण बाजूला करून बायकोचं मनगट हातात घेतलं. नुसतं हाड. एवढे दिवस हे आपल्याला दिसलं नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"का गं असं केलंस?"

"रिकामी थाळी बघून तुम्हाला बरं वाटायचं," ती म्हणाली. "कसे खुशीत असायचात."

तिपाई पडल्या पडल्या मान उंचावून थाळीकडे बघत होती.

"भूक लागलीय तिला," बायको म्हणाली. "खाली ठेवा ना."

"तू दोन घास खा आधी."

"मला नको हो."

सुतार थाळी हातात घेऊन तसाच उभा राहिला.