तू हामूर हो

डोळे मिटायच्या आदल्या दिवशी आमच्या ह्यांनी मला दाराआडची गळाची काठी आणायला लावली. उचलवत नव्हती, नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "हिनेच तुला धरून ठेवली." ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे, पण ती ह्यांच्या तोंडची. माझ्या तोंडची आज सांगते...

कतारात रुपये चालायचे, तेव्हा आम्ही अल वक्राला राहायचो. हे एका कंपनीत कारकून, मी रत्नागिरीहून आलेली नवी नवरी. नजरेला झाड नाही, बोलायला बाई नाही, पाणी ड्रमातलं. पुढच्या बोटीने मी घरी जाणार, असं मी सांगून टाकलं. हे "बरं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून दोन काठ्या पारखायला घेऊन आले. बायको निघालीय आणि ह्यांना मासे सुचतायत, म्हणून मी आणखीच भडकले.

ह्यांना हवा होता हामूर, म्हणजे आपला गोब्रा. गळ लागला की तो खडकाच्या कपारीत घुसतो, दोरी तुटते पण तो बाहेर येत नाही. एक काठी चकचकीत, लवचीक, महाग. दुसरी स्वस्तातली, आखूड, जाड, झाडूच्या दांड्यासारखी. मला म्हणाले, "तू हामूर हो."

अबोला होता, तरी दोरी घेतली. हाताला ओढणी गुंडाळून वर दोरी बांधली आणि कपार समजून पाण्याच्या ड्रमामागे जाऊन बसले. सगळा राग त्या दोरीवर काढला. चकचकीत काठी कमानीसारखी वाकली, मी जागची हलले नाही. मग जाड काठी आली. ती वाकेचना. हे एका हाताने लुंगी सावरतायत, दुसऱ्याने ओढतायत, तोंड लालबुंद... ड्रमाआडून ते ध्यान दिसलं आणि हसू आलं हो, किती दिवसांनी. मीच उठून आले बाहेर.

"खलास," हे म्हणाले, "हीच घ्यायची."

त्या काठीने पुढे कितीतरी हामूर कपारीतून ओढून काढले. बोट गेली, तिच्यामागच्याही गेल्या. जेवायला येईल त्याला हे सांगायचे, काठी घ्यावी तर अशी, बायकोसुद्धा सुटली नाही. मी कालवण वाढत ऐकायचे. काठीने नव्हते आले मी, माझ्या पायांनी आले होते. कधी बोलले नाही. ह्यांना ठाऊक असावं.

ह्यांचा चाळिसावा झाला, पाहुणे गेले. मी काठी फरशीवर ठेवली, दोरीचं टोक हाताला गुंडाळलं, पलंगावर बसले आणि ओढलं, तेव्हासारखंच. पलीकडे धरायला कोण... काठी घसरत सरळ माझ्या पायाशी आली.