पांढरी साडी वरच्या मजल्यावर

दुकान सुरतेच्या उधन्यात होतं, मुख्य रस्त्याला लागून. तळमजल्यावर काचेचं काउंटर, रोजच्या वापराच्या साड्या आणि ड्रेसचं कापड. वरच्या मजल्यावर लग्नाचा माल. तिथे लांब गादी होती, एका भिंतीला माणसाच्या उंचीहून मोठा आरसा होता आणि बाकी तिन्ही भिंतींना छतापर्यंत कप्पे. बारावीनंतर दोन वर्षं मी तिथे सेल्सगर्ल होते. आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये धुळे-जळगावकडची बरीच कुटुंबं होती, आणि शेठना मराठी बोलणारी मुलगी हवी होती. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती. मराठी गिऱ्हाइकांपुरती होती.

काम काकांनी शिकवलं. काका दुकानातले सगळ्यात जुने सेल्समन, गुजराती, साठीच्या पुढचे. लग्नाची साडी ते आधी स्वतःला नेसून दाखवत. पँटवर निऱ्या, शर्टावर पदर, चष्मा तसाच. नवऱ्या मुली हसत, आणि हसता हसता साडी पसंत करत. साडी कशी उलगडायची, घडी मूळच्या रेषेवर कशी परत बसवायची, हे त्यांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या साडीचे नियम सांगितले.

पांढऱ्या साड्या जिन्याखालच्या कपाटात असत. त्या मागायला जो येतो त्याच्या घरी कुणीतरी गेलेलं असतं. त्याच्याशी हसायचं नाही. हळू आवाजात विचारायचं, कोण गेलं. हा प्रश्न चौकशीसाठी नसे. नवरा गेला असेल तर बायकोला बिनकाठाची साडी लागते, घरातल्या बाकीच्या बायकांना बारीक काठ चालतो. भाव एकच सांगायचा. साडी काउंटरवरच दाखवायची, वर न्यायची नाही. खोक्यात घालायची नाही, साध्या पिशवीत द्यायची. आणि जाताना ‘आवजो’ म्हणायचं नाही. असलं सामान घ्यायला पुन्हा या, असं कुणाला कसं म्हणायचं?

नियम समजूतदार होते. मला ते आवडले होते. दुःखातल्या माणसाला दुकानात कमीत कमी वेळ उभं राहावं लागावं, अशी त्यांची रचना होती.

लग्नसराईत एका सकाळी एक आई आणि तिची मुलगी आली. आई पन्नाशीची, हातात कापडी पिशवी. मुलगी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. आई काउंटरशी आली आणि मराठीत म्हणाली, पांढरी साडी दाखवा. आवाज खालचा होता. मी हसू आवरलं, थोडी पुढे वाकले आणि विचारलं, “कोण गेलं, मावशी?”

तिने क्षणभरही वेळ घेतला नाही. “आजी.”

मुलीने आईकडे पाहिलं. मी जिन्याखालचं कपाट उघडलं आणि चार साड्या काउंटरवर ठेवल्या, घडी न मोडता. मुलीने एकीवर हात फिरवला. जरीचा काठ असलेली नाही का, तिने विचारलं. मी समजावणीच्या सुरात सांगितलं की दिवसकार्याला जरीकाठ चालत नाही. बारीक काठाची आहे, ती बघा.

“ताई,” मुलगी म्हणाली, “आजी घरी चहा पितेय. लग्न माझं आहे.”

आईने मान खाली घातली. मग तिला हसू आलं, आणि ते लपवायला तिने पदर तोंडाला लावला.

आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून बुद्धविहार होता. तिथल्या मंडपात पांढऱ्या साडीतली नवरी मी रस्त्यावरून जाताना पाहिलेली होती. एकदा नाही, अनेकदा. पण कपाट उघडताना ते आठवलं नाही. पांढरी म्हटल्यावर हात आपोआप जिन्याखाली गेले. मी माफी मागितली. आई म्हणाली, तुझी काय चूक, सगळे तेच विचारतात.

मग तिने सांगितलं. तिचं स्वतःचं लग्न सुरतेतच झालं, नवरा तेव्हा मिलमध्ये होता. लग्नाची साडी घ्यायला ती वडिलांबरोबर गेली, तेव्हा दुकानदाराने हाच प्रश्न केला होता. वडील समजावून सांगायला लागले. दुकानदार ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरची सहानुभूती काही जाईना. साडी त्याने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. तेव्हापासून ती समजावत नाही. कुणीतरी गेलं म्हणून सांगते, साडी लवकर मिळते. त्या सकाळी आमच्याआधी त्यांची दोन दुकानं झाली होती.

“चल, पुढे बघू,” ती मुलीला म्हणाली.

“पुढे पण आजीच मरेल,” मुलगी म्हणाली. “एका दिवसात किती वेळा मारशील तिला?”

ती गेली नाही. तिने मला विचारलं, वर काय आहे? मी सांगितलं, लग्नाचा माल. ती म्हणाली, मग आम्हाला वर बसायचंय.

तिचं काम तिने तेव्हाच सांगितलं. शाळेत असल्यापासून ती घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. कारखान्यातून गठ्ठा यायचा, सगळ्या लग्नाच्या साड्या, लाल आणि राणी रंगाच्या. माय-लेकी मिळून रात्रीपर्यंत संपवायच्या. खडे वाकडे लागले की गठ्ठा परत यायचा. त्या साड्या कुठे उलगडतात, कोण बसून बघतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. स्वतःची साडी तिला गादीवर बसून बघायची होती, मोठ्या आरशात, अंगावर टाकून. तेवढंच. ती हे भांडणाच्या आवाजात बोलत नव्हती. पण त्याशिवाय ती साडी घेणार नव्हती, हे स्पष्ट होतं.

शेठ दाराजवळच्या गल्ल्यावर बसत. मी जाऊन विचारलं. त्यांनी माझं पूर्ण ऐकलं. मग म्हणाले की वर एक पार्टी बसली आहे, सासू आणि नवरी दोघी आहेत, त्यांच्या लाल साड्यांच्या शेजारी पांढरी उलगडली तर त्या उठून जातील. गुजराती नवरीचं पानेतर पांढरंच असतं, असं मी म्हणून पाहिलं. पानेतरला लाल काठ असतो, ते म्हणाले. ते वाईट बोलले नाहीत. खाली दोन खुर्च्या लावायला सांगितल्या, थंड मागवायला सांगितलं, भावातही बघू म्हणाले. फक्त वर नको.

मी परत आले तेव्हा आई पिशवी खांद्याला लावत होती. तिला उत्तर माझ्या चालण्यावरून कळलं असावं. मुलगी मात्र काउंटरवरच्या चारही साड्या एकावर एक नीट रचत होती, कडेला कड जुळवून. खडे लावणाऱ्या बायकांना ती सवय असते.

जिन्यावर काका उभे होते. बोलणं वरपर्यंत गेलं होतं. त्यांच्या हातात एक साडी होती, मऊ पांढऱ्या रेशमाची, बोटभर सोनेरी काठाची. हा माल जिन्याखालच्या कपाटातला नव्हता. तो वरच्या सगळ्यात उंच कप्प्यातून, शिडी लावून काढावा लागे. पारशी गिऱ्हाइकांसाठी तो पूर्वीपासून ठेवलेला होता. पारशी नवरीही पांढरंच नेसते. आता तशी गिऱ्हाइकं वर्षातून एखादी.

काका गल्ल्यापाशी गेले. आवाज न चढवता त्यांनी गुजरातीत विचारलं, “शेठ, पारशी बाई आली की आपण तिला कुठे बसवतो?”

 शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर बसवत होते, हे त्या दुकानातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या बायकांना थंड न विचारता येत असे. शेवटी त्यांनी हाताने जिन्याकडे खूण केली.

वर सासू, नवरी आणि बरोबरच्या दोघी बसल्या होत्या. गादीभर लाल साड्या पसरलेल्या होत्या. काकांनी नेहमीप्रमाणे पांढरी साडी आधी स्वतःला नेसून दाखवली. पदर खांद्यावर टाकून ते आरशासमोर एकदा वळले. मुलगी हसली नाही. ती काठ बघत होती. मग मी साडी तिच्या ड्रेसवरून नेसवली. निऱ्या घालताना मला जाणवलं की ती श्वास धरून उभी आहे.

सासूने गुजरातीत विचारलं, हे कशासाठी?

“मारां लगन छे,” मुलगी आरशातूनच म्हणाली.

सासूने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.  आरशासमोर त्यांच्याच दोन साड्या पसरलेल्या होत्या. त्या तिने स्वतः उचलून मांडीवर घेतल्या आणि म्हणाली, जरा मागे सरक, निऱ्या पायापर्यंत दिसू दे. मुलगी मागे सरकली. तिची आई गादीच्या कडेला पिशवी खांद्याला लावूनच बसली होती.  आता तिने ती काढून शेजारी ठेवली.

लग्नाची साडी लाल खोक्यात जायची, आणि खोकं बंद करण्याआधी शेठ त्यात साखरेचे दोन खडे ठेवायचे. खोकं मी त्यांच्यासमोर उघडं ठेवलं. त्यांनी साडीकडे थोडा वेळ पाहिलं, डबी उघडली आणि खडे ठेवले. दोनाऐवजी चार पडले. ते त्यांनी तसेच राहू दिले.

माय-लेकी दारापर्यंत गेल्या. आईने मागे वळून पाहिलं. सुरतेत तिची तीस वर्षं गेलेली होती. पांढरी साडी घेऊन निघणाऱ्याला दुकानदार काय म्हणत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“आवजो, बेन,” शेठ म्हणाले.

“आवजो,” ती म्हणाली.

त्या दिवसानंतर काकांनी नियम बदलला. पांढरी साडी मागणाऱ्याला कोण गेलं ते विचारायचं नाही. कशासाठी हवी, एवढंच विचारायचं. त्याच्या घरी कुणी गेलं असेल तर तो सांगतोच.

लग्नानंतर महिन्याभराने आई पुन्हा आली. बरोबर एक म्हातारी होती, बारीक, ताठ, पायात कॅनव्हासचे बूट. ती काउंटरपाशी थांबली नाही. सरळ जिना चढून गेली, गादीवर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, “मीच ती. वारलेली.”

काकांनी न सांगताच थंड मागवलं. आई जिन्याकडे तोंड करून हसत होती. म्हातारीने कप्प्यांवरून नजर फिरवली, पोपटी रंगाच्या एका साडीवर बोट रोखलं आणि ती काढायला सांगितली. रुंद काठाची होती, चांगली ठसठशीत. मी ती काढली आणि नव्या सवयीने विचारून गेले, कशासाठी हवी, आजी?

म्हातारीने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

“नेसायला,” ती म्हणाली.